पारा आईचा, हवा बाबांची

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे द्रावाचा उत्कलनबिंदू एक यंत्र मोजतं. नमुना ओतायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत पडद्यावर रेघ तयार असते: पहिला थेंब कधी पडला, अर्धा द्राव कधी उडाला, तळ कधी कोरडा झाला. हवेचा दाबही ते स्वतःच बघतं. आवाज म्हणाल तर आतला पंखा तेवढा गुणगुणतो. माझ्याबरोबरच्या नव्या मुलांना वाटतं की हे काम पहिल्यापासून असंच मुक्यानं होत आलंय. मी त्यांना सांगते, अरे, माझ्या आईबाबांचा आवाज या कामात बसला. ती हसतात. मी विनोद केला असं त्यांना वाटतं.

आई शाळा संपवून सॉल्व्हंटच्या कारखान्यात लागली. सॉल्व्हंट म्हणजे रंग पातळ करायला वापरतात ते. बूच उघडलं की नाकात झिणझिण्या आणणारं. तिला घेतलं होतं प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायला. एकदा पारा वाचणारा माणूस आजारी पडला म्हणून तिला तात्पुरतं त्याच्या स्टुलावर बसवलं. ते तात्पुरतं तिच्या निवृत्तीपर्यंत चाललं.

काम ऐकायला सोपं आहे. बाजूला तिरकी नळी फुटलेला एक गोल फ्लास्क घ्यायचा. त्यात मापून शंभर मिलिलिटर द्राव. खाली आच. वर फ्लास्कच्या मानेत थर्मामीटर असा बसवायचा की पाऱ्याचा फुगा बरोबर नळीच्या तोंडापाशी यावा. वाफ नळीतून गार पाण्याच्या पेटीतून जाते, तिचा पुन्हा द्राव होतो आणि पलीकडे उभ्या केलेल्या मोजपात्रात थेंबथेंब पडतो. पहिला थेंब पडला तेव्हा पारा कुठे होता, दहा मिलिलिटर जमले तेव्हा कुठे, वीसला कुठे, आणि शेवटी फ्लास्कचा तळ कोरडा पडला तेव्हा कुठे, एवढंच टिपायचं. अडचण अशी की मोजपात्राकडे बघणारे डोळे उचलून पाऱ्याकडे नेईपर्यंत पारा पुढे सरकलेला असतो. म्हणून तिथे एक पद्धत पडली होती. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने थेंबावर नजर ठेवून हाक द्यायची, दुसऱ्याने पाऱ्यावरून डोळा न हलवता आकडा सांगायचा आणि तसाच न बघता लिहायचा. थेंबवाल्याने पाऱ्याकडे बघायचं नाही, पारेवाल्याने थेंबाकडे बघायचं नाही.

थेंबाला होते बाबा.

"थेंब!"

"एकशे आठ पॉइंट दोन."

"दहा!"

"एकशे आठ पॉइंट चार."

शेवटी तळातला ओलावा नाहीसा झाला की बाबा "कोरडं!" म्हणून असे ओरडत की बाहेर पायऱ्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहत. कारखान्यात आईला सगळे पाराबाई म्हणायचे आणि बाबांना थेंबराव. ही नावं ठेवली बाटलीमामांनी. सॉल्व्हंट जिथे उकळून काढत त्या भट्टीवरून ते नमुन्याच्या बाटल्या घेऊन येत, म्हणून ते बाटलीमामा. आपलं नाव कोणी ठेवलं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुतेक स्वतःच ठेवलं असावं.

"आमचं लग्न शंभर मिलिलिटरमध्ये जमलं," असं बाबा पाहुण्यांना सांगतात.

"काही नाही हो," आई आतून म्हणते. "त्या दिवशी यांनी वीसची हाक दिलीच नाही. मी विचारलं, वीस झाले का, तर म्हणतात, कधीच झाले, मी तुझ्याकडे बघत होतो. अख्खा नमुना पुन्हा लावायला लागला."

"मग?" पाहुणे विचारतात.

"मग काय! पुन्हा लावला."

आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. एकसारख्या घरांची रांग, पत्र्याची छपरं, मधल्या गल्लीत एकमेकांना ओलांडणाऱ्या वाळत घालायच्या दोऱ्या. संध्याकाळी भोंगा झाला की दोघं चालत यायची. आईच्या केसांना सॉल्व्हंटचा गोडसर वास असायचा. डोक्यावरून पाणी घेतलं तरी तो जात नसे. शाळेत एखाद्या मुलाने नवीन रंगवलेल्या बाकाला नाक मुरडलं की मला आईची आठवण यायची आणि घरी पळावंसं वाटायचं.

तिच्या कामाची सवय घरातही सुटत नसे. दुधाचं माप बघायचं तरी ती गुडघे वाकवून डोळा दुधाच्या रेषेत आणायची. वरून बघितलेलं तिला पटतच नसे. मला ताप आला की थर्मामीटर तिच्या हातात आणि घड्याळ बाबांच्या हातात. बाबा म्हणत, "काढ!" आई म्हणे, "शंभर पॉइंट चार." मला त्या तापातही वाटायचं की मी एक नमुना आहे आणि मी पास की नापास ते आता कळणार.

पारा आईचा होता तशी हवा बाबांची. म्हणजे असं, की आमचं गाव बरंच उंचावर. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून कुठलाही द्राव जरा लवकरच उकळतो. आमच्याकडे बटाटे शिजायला वेळ लागायचा तो त्यामुळेच. समुद्राकाठी जो द्राव एकशे दहाच्या पुढे उकळतो तो आमच्या टेबलावर एकशे आठलाच थेंब टाकायचा. मग त्या दिवशीचा दाब बघून आईच्या आकड्यात भर घालायची, म्हणजे सगळ्या जगाशी आकडा जुळतो. आमच्याकडे ही भर दोन अंशांच्या थोडी वर असे. भिंतीवर पितळी कडीचा गोल बॅरोमीटर होता, काट्याचा, घड्याळासारखा. बाबा रोज सकाळी त्याच्या काचेवर बोटाने हळूच टिचकी मारत, काटा स्थिर झाला की दाब वाचत, कोष्टकात बघत आणि भर किती ते आईला सांगत.

मी सहावीत असताना त्या बॅरोमीटरचा काटा अडकला. बाबांनी तो गावातल्या घड्याळजीकडे दिला. पाऊस येणार का ते बघायला लोक घरात बॅरोमीटर टांगतात, तसले त्याच्याकडे दुरुस्तीला येत, आणि ते रेडिओवरच्या हवामानाच्या आकड्याशी जुळवून द्यायची त्याची रीत होती. आता रेडिओवर जो दाब सांगतात तो गाव समुद्रसपाटीला असता तर किती भरला असता, तेवढा सांगतात. नाहीतर उंचावरच्या गावात कायमच वादळ आल्यासारखं वाटेल. घड्याळजीने आमचाही काटा मागचा बारीक स्क्रू फिरवून तसाच जुळवला, काच पुसली आणि दिला. त्याच्या बाजूने त्याने चोख काम केलं होतं. हे सगळं अर्थात नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाब वाचला तर काटा पूर्वीपेक्षा कितीतरी पुढे. बाबांना आनंदच झाला. इतकी वर्षं हा आळशी अडकून बसला होता, आता मोकळा झाला, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांनी आईला सांगितलं, "भर पॉइंट एक."

"एवढीच?" आई म्हणाली. "दोनाच्या वर असायची ना?"

"अगं, तो बिघडलेला होता. आता दुरुस्त होऊन आलाय."

"पण एकदम दोन अंश?"

"तू पारा बघ," बाबा म्हणाले. "हवेचं मी बघतो."

बाटलीमामा तिथेच बाटल्या उतरवत होते. ते सांगतात, पाराबाईंनी ओठ असे घट्ट मिटले की मला वाटलं आता सुई लागेल उघडायला.

पुढे व्हायचं ते झालं. भर कमी, म्हणून आमच्या कागदावर द्राव हलका दिसायला लागला, लवकर उकळणारा. भट्टीवाल्यांना निरोप गेला. त्यांनी बिचाऱ्यांनी तो जरा जड काढायला सुरुवात केली. मग आमच्या कागदावर तो बरोबर दिसला आणि टँकर रंगाच्या कारखान्यात गेला. तिथे त्यांनी रंग बनवला, तो एका इमारतीच्या दारांना लागला, आणि दुसऱ्या दिवशीही दारं हाताला चिकटत होती. जड द्राव लवकर उडत नाही ना. पुढचा टँकर त्यांनी फाटकातूनच परत पाठवला.

प्रयोगशाळेचे साहेब घाबरट पण सरळ माणूस होते. प्रत्येक वाक्यात 'बरं का' म्हणायची त्यांना सवय. त्यांनी दोघांना टेबलापाशी उभं केलं. भट्टीवालेही आले होते, दारात माणसं जमली होती.

"आकडा कुठे चुकला, बरं का, ते मला कळलं पाहिजे," साहेब म्हणाले. "वर उत्तर द्यायचंय मला."

तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, पारा मी वाचत नाही."

बाबा अजून म्हणतात, "मी खोटं काय बोललो? पारा मी वाचतच नव्हतो." पण हे म्हणताना ते कोणाच्याही डोळ्यांकडे बघत नाहीत.

साहेबांनी नवा थर्मामीटर मागवायचं ठरवलं आणि तो येईपर्यंत पाराबाईंनी जरा जपून वाचावं असं सगळ्यांसमोर सांगितलं. इतकी वर्षं पारा वाचलेल्या बाईला, जपून वाच! त्या दिवशी दोघं वेगवेगळी घरी आली. आई आधी, बाबा बऱ्याच वेळाने.

आमच्या घरात अबोला सुरू झाला.

पूर्वीही भांडणं व्हायची, पण ती पावसाच्या सरीसारखी, येऊन जायची. हे वेगळं होतं. दोघं एकाच टेबलावर जेवायला बसायची आणि मी मध्ये टपाल खातं.

"तुझ्या बाबांना विचार, भाजी वाढू का."

"बाबा, भाजी वाढू का?"

"तुझ्या आईला सांग, थोडी."

"आई, थोडी."

"थोडी म्हणजे किती ते विचार. हल्ली त्यांचं प्रमाण मला कळत नाही."

हा शेवटचा निरोप मी पोचवला नाही. पोचायची गरजही नव्हती. बाबांचे कान लाल झालेले दिसत होते. एकदा मला इतका वैताग आला की मी ताटावरून उठले आणि ओरडले, "तुम्ही कामावर बोलता ना एकमेकांशी? मग भाजीचंही तिथेच विचारून या!"

ते खरंच होतं. कामावर त्यांना बोलावंच लागे. एकाने हाक दिल्याशिवाय दुसऱ्याचा आकडा निघत नसे. बाटलीमामा रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर टेकायचे आणि आजचा अंक मला सांगायचे.

"आज थेंबराव काय म्हणाले माहीत आहे का पोरी? नुसतं 'थेंब' नाही. 'थेंऽऽब' म्हणाले. लोणी लावून. आणि तुझी आई? 'एकशे आठ पॉइंट दोन!' असं, की तो आकडा फेकून मारला तर खोक पडावी."

"आणि?"

"आणि पन्नासच्या नंतर थेंबरावांनी हळूच विचारलं, 'डोकं दुखतंय का तुझं? चेहरा उतरलाय.' "

"मग आई काय म्हणाली?"

"एकशे आठ पॉइंट सहा."

मी हसले आणि मग मला रडूही आलं. घरात आईचा आवाज बाबांसाठी बंद झाला होता. दिवसातून पाच-सहा नमुने लागत, तेवढ्याच वेळात तो त्यांच्यासाठी निघत होता. आणि आता तोही बंद होणार होता. कारण आईने साहेबांकडे अर्ज दिला होता. तिला टेबल सोडायचं होतं. पत्र्याच्या पिंपांवर लेबलं लावायच्या विभागात जागा होती, ती तिला हवी होती. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकून सही केली. शनिवारपर्यंत तिने पारा वाचायचा आणि सोमवारपासून लेबलं लावायची.

शुक्रवारी मी तिला विचारलं. ती ताटात तांदूळ निवडत बसली होती.

"आई, तुला माहीत आहे ना चूक कशात आहे?"

"वाटतंय मला."

"मग साहेबांना सांग ना!"

"काय सांगू? चार माणसांत उभी राहून सांगू की माझा नवरा चुकतोय? मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"मग बाबांना सांग."

"एकदा सांगून झालं," आई म्हणाली. तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला. "हवा त्यांनी त्यांच्याकडे ठेवली. ठेवू देत."

"आणि तू लेबलं चिकटवत बसणार?"

"गोंद लावायचा, कागद चिकटवायचा. वाईट काय आहे त्यात? कोणी आकडा तर विचारणार नाही."

मी त्या रात्री देवाकडे काही मागितलं नाही, कारण काय मागावं तेच कळेना. आई बरोबर ठरावी तर बाबा खोटे पडणार, आणि बाबा बरोबर राहावेत तर आई पिंपांपाशी. मला दोघंही त्या दोन स्टुलांवर समोरासमोर हवी होती.

शनिवारी जे झालं ते मी तिघांकडून ऐकलंय. तिघांचं सांगणं सगळीकडे जुळत नाही, पण जिथे जुळतं ते हे.

दुपारच्या सुट्टीनंतर बाबा टेबलाशी आले तेव्हा फ्लास्क भरून, थर्मामीटर बसवून, आच पेटवून आई बसलेली होती. बाटलीमामांना तिने नमुना आणायला सांगितलं नव्हतं. ते कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या मोजत असल्याचं सोंग करत उभे राहिले. बाबा बसले. मोजपात्राकडे डोळे लावले. दोघांच्या मध्ये फ्लास्क, त्यातला द्राव पाण्यासारखा स्वच्छ. सॉल्व्हंटही तसाच दिसतो.

बराच वेळ काही झालं नाही. मग बाबा म्हणाले, "थेंब!"

"अठ्ठ्याण्णव."

बाबा दचकले. "किती?"

मध्ये प्रश्न विचारायचा नाही ही पद्धत. आईने डोळा पाऱ्यावरून काढला नाही.

"दहा," बाबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"अठ्ठ्याण्णव."

"वीस."

"अठ्ठ्याण्णव."

सॉल्व्हंटचा पारा दहादहाला थोडाथोडा चढत जातो. हा जागचा हलेना. तीसला अठ्ठ्याण्णव, चाळीसला अठ्ठ्याण्णव. बाबा पुढे वाकले आणि त्यांनी मोजपात्राच्या तोंडाशी नाक नेलं. वास नव्हता.

"हे पाणी आहे," बाबा म्हणाले.

"भर सांगा," आई म्हणाली. आकडा सोडून ती बाबांशी बोललेला हा इतक्या दिवसांतला पहिला शब्द.

बाबा उठले, भिंतीपाशी गेले, टिचकी मारली, वाचलं, कोष्टकात बघितलं. "पॉइंट एक."

"म्हणजे पाणी उकळतं अठ्ठ्याण्णव पॉइंट एकला," आई म्हणाली. "सगळ्या जगात शंभरला उकळतं. आपल्या टेबलावर अठ्ठ्याण्णव पॉइंट एकला." आणि तिने खणातून दुसरा थर्मामीटर काढून पुढे ठेवला. "हा लावा. तुम्हीच वाचा."

बाबांनी फडक्याने धरून पहिला थर्मामीटर काढला, दुसरा बसवला आणि गुडघे वाकवून डोळा पाऱ्याच्या रेषेत आणला. बाटलीमामा म्हणतात की थेंबराव तिथे जेवढा वेळ वाकून राहिले तेवढ्यात माझं अख्खं आयुष्य डोळ्यांपुढून गेलं. मामांना वाढवून सांगायची सवय आहे. पण बाबा बराच वेळ वाकून होते हे आईही म्हणते.

"अठ्ठ्याण्णव," बाबा म्हणाले.

पारा बरोबर होता. दोन्ही पारे बरोबर होते. मग उरली हवा.

बाबा परत भिंतीपाशी गेले. त्यांनी बॅरोमीटर थोडा पुढे ओढला आणि मागे हात घातला. मागे तो बारीक स्क्रू होता, खिशातल्या चाकूच्या टोकाने फिरेल असा. घड्याळजीने फिरवल्याची ताजी चकाकी त्याच्यावर दिसत होती. मामा सांगतात, तिथे मात्र मी बाटल्या मोजायचं सोंगही सोडलं. कारण त्या क्षणी तो स्क्रू दोन अंशांपुरता मागे फिरवला असता तर सगळं आपोआप जुळलं असतं. सोमवारपासून आकडे बरोबर आले असते. आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, पाराबाई गेल्या आणि काम सुधारलं.

आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती पाऱ्याकडे बघत राहिली. मी तिला एकदा विचारलं, तू काही म्हणाली का नाहीस? ती म्हणाली, "मी ते पाणी लावलं ना. माझं बोलून झालं होतं."

बाबांनी हात मागून काढला. स्क्रूला हात न लावता त्यांनी बॅरोमीटरच खिळ्यावरून उतरवला, बाळ घ्यावं तसा दोन्ही हातांत धरला आणि साहेबांच्या खोलीत गेले. खोलीला अर्धी लाकडी भिंत होती, वर जाळी. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं.

"साहेब, पारा बरोबर आहे."

"असं? मग, बरं का, टँकर परत का आला?"

"हवा चुकली. हा दुरुस्त होऊन आला तेव्हापासून चुकीचा दाब दाखवतोय. आत्ता पाण्यावर तपासलं."

"अरे बापरे. म्हणजे घड्याळजीची चूक."

"घड्याळजीला काय माहीत आपण याचं काय करतो ते? मी बघायला हवं होतं. हिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं मला, भर इतकी कमी कशी म्हणून. मी तिला गप्प केलं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पण, बरं का, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात..."

"म्हणालो," बाबा म्हणाले. "म्हणून आता सगळ्यांना बोलवा. भट्टीवाल्यांनाही. त्यांच्यासमोरच सांगतो. आणि वर उत्तर द्यायचं त्यात माझं नाव घाला."

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. बाबांनी सांगितलं. एका भट्टीवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थेंबराव, आमचा जीव काढलात की हो." दुसरा म्हणाला, "ते जाऊ दे, पाराबाई काय म्हणतायत ते विचारा." सगळे आईकडे वळले.

आईने फ्लास्क रिकामा केला, विसळला, उपडा ठेवला. मग म्हणाली, "बाटलीमामा, उभे काय राहिलात? नमुना आणा. दुपारपासून एकही झालेला नाही."

"आणि, बरं का, तुमचा अर्ज?" साहेबांनी विचारलं.

"तो अर्ज पारा चुकीचा वाचणाऱ्या बाईचा होता," आई म्हणाली. "तशी बाई आली इथे तर तिला द्या."

बाबांना त्याची शिक्षा म्हणून वर्षभर बढती मिळाली नाही. त्यांनी तक्रार केली नाही. दर सोमवारी पहिला नमुना पाण्याचा लावायचा ही पद्धत तेव्हापासून पडली, आणि दाब बघताना टिचकी मारून झाली की बाबा काटा वाचत आणि आईही येऊन वाचे. दोघांचा आकडा एक आला तरच भर लिहायची. भांडायला एक जागा वाढली, असं बाटलीमामा म्हणायचे.

पण त्या शनिवारचं अजून राहिलंय. संध्याकाळी दोघं एकत्र चालत आली खरी, पण वाटेत बोलली नसावीत. बाबा हातपाय धुऊन गुपचूप टेबलाशी बसले. मी ताटं मांडली. आता मला विचारतील, सांग तुझ्या बाबांना, म्हणून मी तयारीत उभी राहिले. आई बाहेर आली. भाताचं पातेलं तिने टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि सरळ बाबांकडे बघून सुरू झाली.

"मोरीचा नळ गळतोय, कधीचा. बादली लावून ठेवते मी, दिसत नाही तुम्हाला? हिच्या बुटाचा तळ निघालाय, चिंधी कोंबून जातेय शाळेत. तुमच्या बहिणीचा निरोप होता, तिच्या धाकट्याचं लग्न ठरलंय, मुलगी चष्मा लावते पण स्वभावाने चांगली आहे म्हणे. तुमच्या निळ्या शर्टाची कॉलर मी उलटवलीये, सांगायचं राहिलं. केस कापून या, मानेवर आलेत. शेजारच्यांनी शिडी नेली ती अजून दिली नाही, मी मागणार नाही, तुम्ही दिली होती. आणि पत्र्याला तिकडच्या कोपऱ्यात भोक पडलंय, त्यातून सकाळी ऊन थेट माझ्या डोळ्यांवर येतं..."

भात निवत होता. मी माझ्या ताटात वाढून घेतला आणि कोणी काही म्हणालं नाही. बाबा खाली मान घालून "हूं" "हूं" करत होते, पण त्यांचे कान मला दिसत होते. ते लाल होते, आणि गालही वर ओढल्यासारखे झाले होते. मधेच त्यांनी मान वर केली.

"शिडी कधी नेली म्हणालीस?"

"मध्ये बोलू नका," आई म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."